जवारी, हायब्रीड आणि त्यांच्या मधला टोमॅटो

बेळगावच्या भाजी बाजारात टोमॅटोच्या दोन राशी शेजारी-शेजारी लागलेल्या असतात. एका राशीत लांबट, कडक, सगळी एका मापाची फळं. दुसरीत चपटी, देठाशी घड्या पडलेली, खांद्यावर हिरवट राहिलेली. तुम्ही हात पुढं केलात की भाजीवाली मावशी विचारतेच, "जवारी पाहिजे काय हायब्रीड?"

जवारी हा शब्द आपल्याकडं कन्नड आणि मराठी दोन्हींत सारखाच चालतो. जवारी कोंबडी, जवारी कोथिंबीर, जवारी काकडी. इथलं, जुनं, चवीचं, असा विश्वास त्या शब्दात असतो. म्हणून परड्यात टोमॅटो लावायचं मनात आलं की बहुतेक जण आधी जवारी बी शोधतात. मीही तसंच केलं होतं. दुसऱ्या राशीतला किलोभर टोमॅटो आणला, त्यातली चार चांगली पिकलेली फळं निवडली, बी काढून वाळवलं आणि वडगावच्या आमच्या परड्यातल्या काळ्या मातीत बारा रोपं लावली. तीन महिन्यांनी बघतो तर पाच झाडांना चपटी फळं, चौघांना अंड्यासारखी लांबट, दोघांना लिंबाएवढी लहान आणि एक झाड पानं आकसून बसलेलं. एकाच राशीतल्या फळांची ही पोरं, पण एकसारखी भावंडं काही वाटेनात.

त्या बारा झाडांनी मला जे शिकवलं त्यावरच हा लेख उभा आहे. फळ चपटं आहे, आंबट आहे, खांद्याला हिरवं आहे, एवढ्यावरून ते जवारी ठरत नाही. चपट्या, आंबट फळांना गिऱ्हाईक आहे म्हटल्यावर बियाणं तयार करणारे त्याच रूपाचं हायब्रीडही तयार करतात. बेंगळूरुकडं अशा टोमॅटोला 'नाटी' म्हणतात, आणि तिथंही तीच गोष्ट. जवारी की हायब्रीड हे फळात दिसत नाही. त्याच्या पुढच्या पिढीत दिसतं.

बी 'खरं' उतरतं म्हणजे काय

टोमॅटोचं फूल नीट बघा. पिवळ्या पाकळ्यांच्या मधोमध पुंकेसरांची एक नळी असते, बंद छत्रीसारखी, आणि स्त्रीकेसर तिच्या आत असतो. वारा आला, भुंगा गुणगुणला की नळीच्या आतल्या बाजूला पराग झडतो आणि त्याच फुलाचं त्याच फुलावर फलन होतं. टोमॅटो हा असा स्वतःच स्वतःला फळवणारा. त्यामुळं एखादं वाण एकदा स्थिर झालं की त्याचं बी वर्षानुवर्षं तसंच येतं. आईसारखी लेक, लेकीसारखी नात. अशा वाणाला बियाणांच्या दुकानात 'सरळ वाण' म्हणतात.

हायब्रीडमध्ये माणूस या बंद छत्रीत हात घालतो. आईवाणाची कळी उमलण्याआधी चिमट्यानं तिचे पुंकेसर काढून टाकायचे, दुसऱ्या दिवशी सकाळी बापवाणाचा पराग तिला लावायचा, खूण म्हणून फुलाच्या बाहेरच्या हिरव्या पाकळ्या थोड्या खुडायच्या, आणि खूण असलेल्या फळांतलंच बी घ्यायचं. एकेका फुलामागं ही मेहनत. हे काम फार लांब चालत नाही: आपल्याच कर्नाटकात, हावेरी जिल्ह्यातलं राणेबेन्नूर हे अशा संकरित भाजीपाला बियाणांसाठी ओळखलं जातं, आणि तिथल्या शेतांत हे नाजूक काम मुख्यतः बायकांच्या बोटांनी होतं. हायब्रीड बी महाग का, याचं मोठं उत्तर त्या बोटांत आहे. १९७३ साली बेंगळूरुच्या इंडो-अमेरिकन हायब्रीड सीड्सनं 'कर्नाटक' नावाचा संकरित टोमॅटो बाजारात आणला, तेव्हापासून हा धंदा आपल्याकडं रुजला.

अशा बियांतून आलेली पहिली पिढी सगळी एकसारखी असते, कारण प्रत्येक झाडाला आईचा एक आणि बापाचा एक असा तोच वाटा मिळालेला असतो. पाकिटावर 'एफ-१' लिहितात ते याचसाठी. गोंधळ होतो त्याच्या पुढच्या पिढीत. समजा, पान आकसण्याच्या रोगाला दाद न देण्याचा गुण एकाच जनुकावर आहे आणि तो बापाकडून आला. एफ-१ ची सगळी झाडं तगडी. पण त्यांचं बी तुम्ही पेरलंत तर दर चार रोपांमागं सरासरी तिघांत तो गुण येतो, एक रोप उघडं पडतं. असे तीन वेगवेगळे गुण असतील तर तिन्ही एकाच रोपात येण्याचं प्रमाण ६४ पैकी २७. फळाचा आकार, झाडाची उंची, आंबटपणा हे सगळं याच पद्धतीनं विखुरतं. माझ्या परड्यातली बारा झाडं म्हणजे हेच गणित मातीत उगवलेलं होतं.

इथं एक गैरसमज दूर करायला हवा. हायब्रीडचं बी 'वांझ' असतं, ते उगवतच नाही, असं गावोगाव सांगितलं जातं. टोमॅटोच्या बाबतीत ते खरं नाही. बी छान उगवतं, झाडाला फळंही लागतात. फक्त काय येईल याची खात्री नसते. आणि हायब्रीड म्हणजे जीएमही नव्हे. परागाची देवाणघेवाण एवढंच त्यात असतं. भारतात जनुकीय बदल केलेला टोमॅटो लागवडीसाठी मंजूरच नाही, त्यामुळं पाकीट हातात घेताना ती भीती नको.

जुनं वाण कशाला म्हणायचं

परदेशात पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या सरळ वाणांना 'एअरलूम' म्हणतात, म्हणजे घराण्यात आजीकडून नातीकडं आलेली वस्तू. साधारण पन्नास वर्षांहून जुनं असावं असा संकेत आहे, कायदा नाही. हल्ली ऑनलाइन मिळणारी 'ब्रँडीवाइन', 'चेरोकी पर्पल', 'ब्लॅक क्रिम' ही त्याच घराण्यातली नावं. 'चेरोकी पर्पल'ची गोष्ट मला आवडते. १९९० साली अमेरिकेतल्या टेनेसीच्या जे. डी. ग्रीन यांनी क्रेग लेहोलियर या बी जपणाऱ्या माणसाला टपालानं थोडं बी पाठवलं. त्या पाकिटातून निघालेला जांभळट टोमॅटो आज जगभर लावला जातो. पण 'ग्रीन झेब्रा' हा हिरवे पट्टे असलेला टोमॅटो एअरलूम म्हणून विकतात, तो मात्र टॉम वॅगनर यांनी १९८३ साली लोकांपुढं आणलेला. नावावरून वय कळत नाही.

आपल्याकडच्या जवारीलाही वयाचा दाखला नसतो. मुळात टोमॅटोच दक्षिण अमेरिकेतला. मेक्सिकोत तो माणसाळला, आणि पोर्तुगिजांच्या जहाजांतून या किनाऱ्याला लागला. चोर्ला घाटापलीकडचा गोवा हे त्याचं एक दार. म्हणजे या मातीतला 'मूळचा' टोमॅटो असा नाहीच. जवारी म्हणजे इथं येऊन पिढ्यान्‌पिढ्या इथलंच ऊन-पाणी प्यालेला आणि ज्याचं बी कुणीतरी दरवर्षी धरलेला. त्या 'धरलेला' मध्येच सगळं आलं. खानापूर तालुक्यात माझ्या आत्तीच्या घरी चुलीमागच्या भिंतीला शेणाच्या गोवरीत लावलेलं बी असायचं: काकडीचं, दोडक्याचं, टंबाट्याचं. तिला वाणाचं नाव विचारलं तर म्हणायची, "नाव काय असतंय? आमचं हाय."

मधलं घर, जे बहुतेक जण चुकवतात

जवारी आणि हायब्रीड अशी दोनच घरं आहेत असं धरून आपण वाद घालतो. घरच्या बागेसाठी सगळ्यांत उपयोगाचं घर मात्र त्यांच्या मध्ये आहे: संशोधन केंद्रांनी तयार केलेली सुधारित सरळ वाणं. यांत रोगाला तोंड देण्याचे गुण निवडून घातलेले असतात, आणि बीही घरी धरता येतं.

ही वाणं बहुतेकदा संकरातूनच जन्मलेली असतात. दिल्लीच्या पुसा संस्थेचं 'पुसा रूबी' हे 'सू' नावाचं अमेरिकन वाण आणि 'इम्प्रूव्हड मीरुती' यांच्या संकरातून आलं. फरक एवढाच की संकरानंतर थांबले नाहीत. दरवर्षी हवं तसं झाड निवडायचं, त्याचंच बी पेरायचं, असं करत गेलं की झाडातला मिश्रपणा दर पिढीला निम्मा होतो. दुसऱ्या पिढीत निम्मा, तिसरीत पाव, असं करत सहाव्या-सातव्या पिढीपर्यंत तो जवळपास संपतो आणि वाण सरळ होतं. संकर हा शेवट मानला तर हायब्रीड, आणि सुरुवात मानली तर उद्याचं सरळ वाण.

बेंगळूरुजवळ हेसरघट्ट्याला भारतीय बागवानी संशोधन संस्था आहे. तिची 'अर्का' नावाची वाणं आपल्या भागाला जवळची. 'अर्का विकास' चपटगोल, खांद्याला फिकट हिरवं, पाहिलं तर कुणीही जवारीच म्हणेल. 'अर्का मेघाली' पावसाच्या पाण्यावरच्या शेतीसाठी काढलेलं. 'अर्का आभा' आणि 'अर्का आलोक' ही दोन मर रोगाला तोंड देतात, त्यांच्याकडं पुढं येतोच. बेंगळूरुच्या कृषी विद्यापीठाची 'नंदी', 'संक्रांती' आणि 'वैभव' ही पान आकसण्याच्या विषाणूपुढं टिकणारी. राहुरीच्या विद्यापीठाचं 'भाग्यश्री' महाराष्ट्रातल्या नातेवाइकांकडून मागवता येतं. ही सगळी सरळ वाणं.

याच हेसरघट्ट्याची हायब्रीडंही आहेत, आणि ती चांगली आहेत. 'अर्का रक्षक' आणि 'अर्का सम्राट' तीन रोगांना एकदम तोंड देतात: पानं आकसणं, जीवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा. 'अर्का अभेद' त्यात उशिरा येणाऱ्या करप्याचीही भर घालतं. पाकिटावर 'अर्का' दिसलं म्हणून बी धरायला जाऊ नका. आधी एफ-१ आहे का ते बघा.

आधी माती ओळखा

वाण निवडायला लोक कॅटलॉग उघडतात. मी म्हणतो, आधी कुदळ मारून बघा. बेळगावच्या पूर्वेला, वडगाव-शहापूर-येळ्ळूरच्या शिवारापासून बैलहोंगलपर्यंत काळी माती. पश्चिमेला खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडं लाल, जांभ्याची, आंबट माती आणि धो-धो पाऊस. एकाच जिल्ह्यात टोमॅटोला दोन वेगळे शत्रू आहेत.

लाल मातीतला शत्रू म्हणजे जीवाणूजन्य मर. आत्तीच्या परड्यात हे मी डोळ्यांनी पाहिलं. गुडघाभर वाढलेली, फुलावर आलेली, हिरवीगार झाडं. दुपारी माना टाकल्या, संध्याकाळी सावरल्या, तिसऱ्या दिवशी कायमच्या झोपल्या. पानं पिवळी नाहीत, डाग नाही, अळी नाही. आत्तीनं पाणी वाढवलं. त्यानं आणखी चार गेली. कुणी दृष्ट लागली म्हणालं.

ओळखायची सोपी युक्ती आहे. वाळत असलेल्या झाडाचा बुंध्याजवळचा बोटभर तुकडा कापा आणि काचेच्या पेल्यात स्वच्छ पाणी घेऊन त्यात त्याचं एक टोक बुडेल असा धरा. हलवू नका. काही मिनिटांत कापलेल्या टोकातून दुधासारखा धागा खाली उतरताना दिसला तर तो जीवाणूच. झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्या त्यानं भरून टाकलेल्या असतात, म्हणून मुळांशी पाणी असूनही झाड तहानेनं मरतं. औषध मारून हा बरा होत नाही. तो मातीत वर्षानुवर्षं राहतो, आणि वांगी, मिरची, बटाटा, तंबाखू, आलं या सगळ्यांवर जगतो.

अशा मातीत जुनं, नाजूक वाण लावणं म्हणजे दरवर्षी रडणं. इथं 'अर्का आभा' किंवा 'अर्का आलोक' लावा, किंवा हायब्रीडच हवं तर 'रक्षक'. नुकतंच भात काढलेलं वावर असेल तर टोमॅटोला ती जागा चांगली, कारण पाणी साचलेल्या मातीत या जीवाणूचा जोर ओसरतो. वांग्याच्या तगड्या खुंटावर टोमॅटोचं कलम बांधणं हाही खात्रीचा उपाय. आणि ज्यांना आजीचं वाणच वाढवायचं आहे, त्यांनी ते दुसरीकडची निरोगी माती भरलेल्या मोठ्या पिशवीत लावावं, पिशवी दगडावर ठेवावी, म्हणजे मुळं खालच्या मातीला लागणार नाहीत. आत्तीचं 'आमचं हाय' वालं वाण आम्ही असंच वाचवलं.

काळ्या मातीत मर कमी दिसतो. तिथला शत्रू उडत येतो: पांढरी माशी. ती रस पिताना विषाणू सोडते, शेंड्याची पानं वाटीसारखी वर वळतात, झाड खुजं राहतं, फुलं झडतात. याला कुणी बोकड्या म्हणतं, कुणी चुरडा-मुरडा. रोप लहान असताना लागण झाली तर त्या झाडाकडून काही मिळत नाही. उपटून पिशवीत बांधून लांब टाका, बाकीची वाचतील. फेब्रुवारीनंतर लावलेल्या टोमॅटोला हा रोग सर्वांत जास्त छळतो. म्हणून उन्हाळी टोमॅटो हवाच असेल तर हट्ट सोडून 'नंदी', 'वैभव' किंवा विषाणूला तोंड देणारं हायब्रीड घ्यावं.

निपाणी-चिकोडीकडच्या वाचकांसाठी एक खास सांगणं. तंबाखू आणि टोमॅटो एकाच कुळातले. तंबाखूच्या पानावरचा मोझॅक विषाणू वाळलेल्या पानात, अगदी मळलेल्या चिमटीतही जिवंत राहतो. तंबाखू मळलेल्या किंवा विडी वळलेल्या हातानं रोपं लावू नका, शेंडे खुडू नका. आधी साबणानं हात धुवा.

हंगाम म्हणजे अर्धं वाण

टोमॅटोचं फळ धरतं ते रात्रीच्या गारव्यावर. रात्रीचं तापमान १५ ते २० अंशांच्या आसपास असेल तर फूल टिकतं. दिवसा ३५ च्या वर आणि रात्री २४-२५ च्या खाली उतरेना, की पराग मरतो आणि फुलं देठासकट गळतात. लाल रंगाचंही तसंच. तो २० ते २५ अंशांत उत्तम चढतो, ३० च्या वर अडतो. एप्रिलमधली फळं पिवळट-नारिंगी राहतात ती यामुळं, खत कमी पडलं म्हणून नव्हे.

बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर आहे. डिसेंबर-जानेवारीतल्या आपल्या रात्री टोमॅटोला हव्या तशाच असतात. माझा हिशेब साधा आहे: गणपतीत बी टाकायचं, दसऱ्याला रोप लावायचं. मधे पस्तीसेक दिवस मिळतात, तोवर रोप वीतभर होतं आणि हस्ताचा पाऊसही उरकत आलेला असतो. संक्रांतीला ताट भरतं. या हंगामात कुठलंही वाण, अगदी नाजूक परदेशी जुनं वाणसुद्धा, हौसेनं लावून बघावं. पावसाळ्यात लावलंत तर करपा ठरलेला. पश्चिमेकडच्या गावांत तर जून ते सप्टेंबर टोमॅटोचा नादच करू नये. त्या दिवसांत दोडकी-काकडीचे वेल चढवा.

परदेशी मोठ्या फळांच्या वाणांबद्दल दोन शब्द. 'ब्रँडीवाइन'सारख्यांना लावणीनंतर ८०-९० दिवस लागतात, फळ मोठं, साल पातळ, इथल्या विषाणूशी ओळख नाही. एक-दोन झाडं, दसऱ्याच्या लावणीत, पिशवीत. त्याहून जास्त नको. चेरी टोमॅटो मात्र लहान फळांमुळं उन्हाळ्यातही बऱ्यापैकी धरतो, मुलं येता-जाता तोडून खातात, त्याला कोपऱ्यात जागा द्या.

चव कुठं हरवली

जवारीची चव हायब्रीडला नाही, हे आपण सगळे म्हणतो. त्यात तथ्य आहे, पण दोष संकराचा नाही. बेळगावच्या शिवारातली भाजी रोज घाट उतरून गोव्याला जाते. ट्रकमधल्या क्रेटमध्ये दहा फळांच्या ओझ्याखाली न फुटणारा टोमॅटो हवा, तर जाड साल, कमी रस आणि हिरवट असतानाच तोडणं हे आलंच. काही हायब्रीडांत पिकणं लांबवणारं जनुक मुद्दाम घातलेलं असतं, म्हणजे फळ दुकानात जास्त दिवस टिकतं. त्याची किंमत वासात मोजावी लागते.

हिरव्या खांद्याची गोष्ट तर विलक्षण आहे. सगळं फळ एकसारखं लाल दिसावं म्हणून गेल्या शतकात वाणं निवडणाऱ्यांनी खांदा हिरवा न राहणारी झाडं पसंत केली. २०१२ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की त्या निवडीत फळातलं हरितद्रव्य वाढवणारं एक जनुक निकामी झालं होतं. हिरव्या खांद्यात फळ स्वतःची साखर थोडी बनवत असतं. खांदा गेला, तशी गोडीही थोडी गेली. बाजारातल्या मावशीच्या दुसऱ्या राशीत आपण नकळत तोच खांदा शोधत असतो.

तुमच्या परड्यातून स्वयंपाकघरात टोमॅटोला घाट उतरायचा नसतो. वीस पावलं चालायची असतात. म्हणून जाड सालीच्या, लांबच्या बाजारासाठी काढलेल्या वाणाची तुम्हाला गरजच नाही. आणि कुठलंही वाण झाडावर पूर्ण पिकू दिलं, फ्रिजमध्ये कोंबलं नाही, तर चव निम्म्यानं तरी सुधारते. १२ अंशांखाली टोमॅटोचा वास मरतो. साराला आणि शेंगदाण्याचं कूट घातलेल्या चटणीला आंबट, रसाळ चपटं फळ. कोशिंबिरीला गर जास्त असलेलं. आमच्या घरी सार रोजचं, म्हणून माझा कल कुणीकडं ते ओळखता येईल.

पाकीट, जागा आणि दहा रोपं

दुकानात पाकिटावर कन्नड आणि इंग्रजीच असतं. कन्नडमध्ये 'तळी' म्हणजे वाण. एफ-१ किंवा हायब्रीड लिहिलं असेल तर बी धरू नका. 'ओपी' (म्हणजे सरळ वाण) किंवा 'सुधारित' असेल तर धरा. तपासणीची तारीख बघा. बी गुलाबी किंवा हिरव्या रंगाचं असेल तर त्याला औषध चोळलेलं आहे, मुलांच्या हाती देऊ नका. रोगांची नावं लिहिली असतील तर ती तुमच्या मातीच्या रोगाशी जुळतात का तेवढंच पाहा. बाकी चित्रावर जाऊ नका.

झाडाची वाढ दोन तऱ्हेची. झुडपी वाण एका उंचीवर थांबतं आणि फळं थोड्या दिवसांत एकदम देतं. 'पुसा अर्ली ड्वार्फ' तसं आहे, कुंडीला चांगलं. दुसरं वाढतच राहतं, त्याला बांबू किंवा दोरीचा आधार लागतो, पण ते दोन-तीन महिने थोडं थोडं देत राहतं. घरासाठी मला हे दुसरं बरं वाटतं. रोज चार-सहा फळं लागतात, एकदम पाच किलो नकोत.

चार माणसांच्या घराला दहा झाडं पुरतात. मी पाच सुधारित सरळ वाणाची लावतो, तीन हायब्रीडची, दोन जुन्या जवारीची. वर्ष वाईट गेलं तरी तीन हायब्रीडं सार चुकू देत नाहीत. दोन जवारी बियांसाठी. जिथं यंदा टोमॅटो, तिथं पुढची दोन वर्षं वांगी, मिरची, बटाटा नाही. मेथी, पावटा, कांदा काहीही चालेल.

बी मिळवायचं कुठून, हे बरेच जण विचारतात. 'अर्का' वाणांचं बी हेसरघट्ट्याची संस्था ऑनलाइन विकते. बैलहोंगल तालुक्यात मत्तीकोपला केएलईचं कृषी विज्ञान केंद्र आहे, तिथं चौकशी करा. सिरसीला 'वनस्त्री' हा बायकांचा गट मलनाडातल्या परसबागांचं बियाणं जपतो, बेंगळूरुला 'सहज समृद्ध' आहे. आणि सर्वांत आधी आपल्याच गावातल्या म्हाताऱ्या बायकांना विचारा. त्यांच्याकडची पुडी संपली की ते वाण कुठल्याच दुकानात मिळणार नाही. २००१ च्या पीक वाण कायद्यानं शेतकऱ्याला स्वतःचं बी राखायचा, पेरायचा, दुसऱ्याला द्यायचा हक्क दिला आहे, तेव्हा मागायला आणि द्यायला संकोच नको.

बी धरताना

फळ नव्हे, झाड निवडा. सर्वांत मोठं फळ आजारी झाडालाही लागू शकतं. शेवटपर्यंत निरोगी राहिलेलं, चवीचं झाड बघून त्याला लाल दोरा बांधा, म्हणजे घरातलं कुणी चटणीला तोडणार नाही. दुसऱ्या-तिसऱ्या घोसातली फळं झाडावरच मऊ होईस्तोवर ठेवा. शेजारी दुसरं वाण फुलावर असेल तर बियांसाठी राखलेल्या घोसाला कळ्या असतानाच मलमलीची पिशवी बांधा आणि रोज सकाळी हलकेच टिचकी मारा. फळ धरलं की पिशवी काढा.

गर बियांसकट वाटीत काढा, झाकून दोन-तीन दिवस ठेवा. वर पांढरी साय येते, आंबूस वास सुटतो. येऊ द्या. बियांभोवतीचं बुळबुळीत आवरण त्यातच सुटतं, आणि त्याबरोबर बीवरचे काही रोगही जातात. मग पाणी घालून ढवळा. पोकळ बी तरंगतं, भरलेलं तळाशी बसतं. तळाचं धुऊन स्टीलच्या ताटलीत पसरा. कागदावर नको, चिकटतं. सावलीत चार-पाच दिवस, अधूनमधून बोटानं मोकळं करत. खडखडीत वाळलं की कागदी पुडीत घालून, थोडी राख टाकलेल्या डब्यात ठेवा. असं बी चार वर्षं सहज उगवतं. पुडीवर वाणाचं नाव, साल आणि माती लिहा: लाल की काळी.

आत्तीच्या वाणाच्या पुडीवर आम्ही अजून 'आमचं' एवढंच लिहितो. यंदा गणपतीत त्यातलं निम्मं बी तिच्या सुनेकडं खानापूरला गेलं.